पडायला शिकवणारा क्लास

मंगळवार, संध्याकाळी, मये

दोन्ही क्लास बघून झाले, तरी ठरत नाही. डिचोलीच्या किकबॉक्सिंगवाल्याने काल पहिल्याच दिवशी हातात ग्लव्हज दिले आणि म्हणाला, मार. माझ्यासारख्या तापट माणसाला आणखी काय हवं? आज सर्वणला ज्युडोच्या सरांनी मात्र तासभर नुसतं पडायला लावलं. हनुवटी छातीशी धरायची आणि पडता पडता तळहात गादीवर सपाट आपटायचा.

सर्वणला गेलो साक्षीसाठी, हे इथे तरी कशाला लपवू. ती तिथे चार वर्षं शिकतेय. शेवटी सर तिला म्हणाले, "याला हळूच पाड गो." तिने पाडलं आणि वर म्हणते, "कॉलेजातून उठून गेलास, हांगा तरी जरा पडून राहा रे." कॉलेज मी रागाच्या भरात अर्ध्यावर सोडलं, म्हणून इथे तरी टिक, असा टोमणा. सगळे हसले. दुसरं कुणी बोललं असतं तर भांडलोच असतो. पण तळहात असा झकास वाजला होता की मीही हसलो.

निघताना कळलं, पुढच्या महिन्यात ती नर्सिंगला पणजीला जाणार, हॉस्टेलवर. मग मी सर्वणला कुणासाठी जायचं? घरापर्यंत स्कूटरवर हेच डोक्यात.

चहा देताना आईने विचारलं, "पडूंक शिकपाक क्लास कित्याक रे?" पडायला शिकायला क्लास कशाला, या प्रश्नावर चिडलो नाही. चटई पसरून पडून दाखवलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "परत दाखय." तळहात लाल होईपर्यंत दाखवत राहिलो.

तेवढ्या वेळात साक्षी एकदाही आठवली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. उद्या सर्वणला नाव घालतो.