करवंटीचा कोळसा

पुणे,
ता. ४ नोव्हेंबर २०२४

ती. भिवाकाकांना,
रेणुकाचा सविनय जय भीम. वि. वि.

परवा फोनवर झालं तसं मला पुन्हा नको आहे. तुम्ही मध्येच फोन ठेवता, मी रडत बसते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून हे पत्र. यात तुम्हाला माझं बोलणं तोडता येणार नाही.

मुद्दा असा. मार्चमध्ये झऱ्यावरच्या कपारीत आम्ही खड्डा खणला, त्यातले कोळशाचे तीन तुकडे मी माझ्या हाताने काढून प्रयोगशाळेत पाठवले होते. झाड जिवंत असताना हवेतून कार्बन घेतं. त्यातला एक प्रकार ते मेल्यावर ठरलेल्या गतीने कमी होत जातो. किती उरला ते मोजलं की लाकूड किती जुनं ते कळतं. दोन तुकडे सव्वीस हजार वर्षांपूर्वीचे निघाले! आपल्या कपारीत तेव्हा माणसं विस्तव करून बसत होती, काका. मी आनंदाने नाचायला हवं होतं.

पण तिसरा तुकडा निघाला आजकालचा. तो त्यांच्याच थरातला, खड्ड्यात उतरायच्या पायरीपाशी सापडलेला. शिवाय तो लाकडाचा नाही, करवंटीचा आहे. आमच्या खणणीचे प्रमुख सुहास सर म्हणतात, कुणीतरी मुद्दाम टाकला. तो कसा आला ते सांगता आलं नाही, तर उरलेल्या दोन्हींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. कपार बाद होईल. तुकड्यांच्या पिशव्यांवर सही माझी आहे, तेव्हा पुढच्या खणणीत मीही नसेन.

वाडीत करवंटीचा कोळसा एकटे तुम्ही करता, इस्त्रीसाठी. बाकी सगळ्यांच्या इस्त्र्या विजेच्या. आणि कपारीत काही सापडलं तर सरकार कुंपण घालील, वाडीचं झऱ्याचं पाणी जाईल, तेव्हा काही न सापडलेलंच बरं, असं ग्रामसभेत उभं राहून तुम्हीच म्हणाला होतात. मला विचारायला लाज वाटते, पण विचारते. तुम्ही टाकलात का?

येसूआतेला यातलं काही कळू देऊ नका. ती जेवण सोडेल.

माझ्यावर रागवा, पण माया पातळ करू नका.
तुमची,
रेणुका


बौद्धवाडी, पूर्णगडच्या वर,
ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. रेणुका हिस,
अ. उ. आ. व जय भीम.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, पंचनामाच तो. आईबापामागे तुला वाढवली, बाराखडी गिरवून घेतली, ती याच कामी आली म्हणायची.

पत्र आल्या दिवशीच इस्त्री माळ्यावर टाकली. चुरगळलेला सदरा घालून बाजारात गेलो, तर मजीद मासे तोलता तोलता विचारतो की मास्तर, तब्येत बरी नाय काय. त्याला काय सांगू?

आता माझं ऐक. खणणारे तुम्ही सात जण, त्यात या वाडीची एकटी तू. मग पिशव्यांवर सही करायचं काम नेमकं तुझ्याकडेच कसं आलं? चांगलं निघालं तर नाव सरांचं, वाईट निघालं तर खापर फोडायला आपली पोरगी आहेच. हा खेळ मी नोकरीभर पाहिला आहे. तुझे सर गोड बोलतात, चहा मागून घेतात, म्हणून मला ते जास्तच खटकतात. त्या पिशव्या पुण्यात कुणाच्या कपाटात होत्या, याची चौकशी आधी कर.

आणि एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नकोस. दिल्लीचे पाहुणे कपार पाहायला आले, त्या दिवशी पहाटे तू माझी इस्त्री पेटवून कुडत्यावर फिरवलीस. ती इस्त्री झाडलीस कुठे?

आतेला सांगितलेलं नाही. ती मात्र दोघांत काय बिनसलं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसते.

लोभ आहेच. तो तपासायला प्रयोगशाळेत पाठवू नकोस.
तुझा,
भिवाकाका


पुणे,
ता. १४ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना,
स. जय भीम. वि. वि.

पिशव्या माझ्याच कपाटात होत्या आणि किल्ली माझ्याच गळ्यात. इस्त्री कुठे झाडली ते खरंच आठवत नाही. पाहुण्यांना आणायला रत्नागिरी स्टेशन गाठायचं होतं, घाई होती.

तुम्ही सरांवर बोट दाखवलंत, माझ्यावर दाखवलंत, पण माझ्या प्रश्नाला नाही असं उत्तर कुठेच दिलं नाहीत. मी पत्र तीनतीनदा वाचलं. महिनाअखेर बैठक आहे. तिथे मला काहीतरी सांगावंच लागेल.

आतेला नमस्कार. उत्तराची वाट पाहते, मग ते कसंही असो.
तुमची,
रेणुका


बौद्धवाडी,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. रेणुका हिस,
आशीर्वाद.

कोळसा मी टाकला. दुपारी तुम्ही जेवायला खाली आलात, तेव्हा वर जाऊन खड्ड्यात मूठभर फेकला. हेतू पाण्याचा. तुला ठाऊकच आहे.

तुझ्या सरांना हे पत्र दाखव. निवृत्त शिक्षक भिवा जाधव याने केलं, असं कागदावर लिहून घे म्हणावं. काय सही हवी ती देतो. म्हणजे तुझे दोन तुकडे सुटतील आणि तूही सुटशील.

काही दिवस इकडे येऊ नकोस. लोक तुलाच विचारत बसतील.

पोट भरून जेवत जा. आणखी काय लिहू?
भिवाकाका


पुणे,
ता. २१ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना,
स. जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मी सरांना दाखवलं नाही. काका, तुम्हाला खोटं नीट लिहितासुद्धा येत नाही. वरून फेकलेला कोळसा वर पडून राहतो. हा तुकडा पायरीच्या आत, मातीत घट्ट बसला होता. पाहुणे येऊन गेल्यावर मी तो सुईने कोरून काढला.

काल रात्रभर मी त्या पायरीचाच विचार केला. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी ती ढासळली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन आले, तर पायरी धड आणि गुळगुळीत. मला वाटलं आमच्या खणणीतल्या मुलांनी केली. मुलांना काल विचारलं, तर त्यांना वाटलं होतं मीच केली. मग केली कुणी?

आता आतेलाही विचारा. कपारीकडे येणारंजाणारं माणूस तिच्या नजरेतून सुटत नाही. बैठक पुढे ढकलून एक तारखेला, रविवारी, सर स्वतः पायरी पाहायला येताहेत. मीही येते, तुम्ही नको म्हटलंत तरी.

तुम्ही माझ्यासाठी चोर व्हायला निघालात. आणि मी तुम्हाला आधीच चोर ठरवलं होतं. माझी मलाच शरम वाटते.

या वेड्या पोरीला पदरात घ्या.
रेणुका


बौद्धवाडी,
ता. २५ नोव्हेंबर २०२४

चि. रेणुका हिस,
अ. उ. आ. व जय भीम.

आतेला विचारलं. आधी ती हसली, मग भडकली, की इतके दिवस दोघं तोंडं फुगवून बसलात आणि मला विचारायला काय झालं होतं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं उतरवतो, नाहीतर मला हलू देणार नाही:

“पायरी ढासळलेली व्हती. मोठी मानसा येनार, कोन घसरून पडला मंजे वाडीचा नाव जाईल ना! मंग मी पहाटेची उठून शेन नि माती कालवली आनि पायरी लिंपली. काळीभोर दिसाया नको? रेणुका इस्त्रीतला कोळसा पडवीत घमेल्यात वतून पळाली व्हती, तोच कुटून घातला. येखादा खडा ऱ्हायला आसंल. त्या दिल्लीच्या बाईनं पायरी बघून मान डोलावली, ती मी सोता बघितलीय.”

तेव्हा कोळसा माझा, ओतला तू आणि लिंपला तिने. ओटी सारवतात तशी तिने तुमची सव्वीस हजार वर्षं सारवून ठेवली. यातलं काही चुकलं, हे तिला अजून पटलेलं नाही.

आता खरं सांगतो. तुझ्या हातूनच काहीतरी झालं, असं मला वाटत होतं. घाईत तू इस्त्री तिथे वर झाडलीस आणि भीतीने लपवते आहेस, असा संशय होता, म्हणून मी ते पत्र लिहिलं. तू माझ्यावर संशय घेतलास, मी तुझ्यावर घेतला. फिटंफाट झाली. फार दिवस झोप नव्हती, पोरी. काल लागली.

सरांना जरूर आण, चहा देईन. पण झऱ्याचं पाणी वाडीला राहील हे ते लेखी देईपर्यंत माझा त्यांच्यावर विश्वास नाही, हे आत्ताच सांगून ठेव.

इस्त्री माळ्यावरून उतरवली आहे. आणि एक, पावसात ती पायरी पुन्हा ढासळली आहे. सर बघायला येणार हे आतेला कळल्यापासून तिचे हात शिवशिवताहेत. मी कोळशाचा डबा कुलपात ठेवला, पण आज सकाळपासून चावी जागेवर नाही. जमलं तर शनिवारीच ये.

येशील तेव्हा लोभासकट ये.
तुझा,
भिवाकाका