चौदा महिन्यांची खोट

आप्पा, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी मेंढ्यांचा आठवावा लागतो, मग त्यांच्या मागून तुमचा येतो. आज सकाळपासून मला एका जागी बसवत नाय. उठते, नळाची तोटी फिरवून बघते, आज पाण्याचा वार नाय हे ठाऊक असून, परत येऊन बसते, परत उठते. लेक आणि सून कामावर गेलेत, नात वर गच्चीच्या खोलीत तिच्या कामात आहे, म्हणून फोनमध्ये बोलतेय. मी बोलले की तो लिहितो, असं नातीनं शिकवलंय. बरोबर लिहितो की मनाचं घालतो ते मला कळायला मार्ग नाय, आणि तुम्हालाही वाचता येत नव्हतं, तेव्हा आपल्या दोघांत तक्रार कोण करणार?

ही नात म्हणजे माझ्या थोरल्याची पोरगी, तुम्ही तिला बघितलेलं नाय. लई शिकली. वाळूजला एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होती. मग मी मोरीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि घरात दोघं कमावते बाहेर म्हटल्यावर मला उठवायला-बसवायला कुणी नाय. पोरीनं नोकरी सोडली. चौदा महिने तिनं माझं सगळं केलं, तुमच्यासमोर बोलायला लाज वाटते असलंही केलं. आता मी काठीवर चालते आणि तिला पुन्हा काम पाहिजे, आणि काम आता म्हणे दारोदार विचारून मिळत नाय, फोनात मिळतं. नोकरीवाल्या माणसांची एक जागा आहे तिथं. ज्यानं त्यानं आपला फोटो लावायचा, आपण कोण, काय काय केलं ते लिहायचं, आणि ओळखी वाढवायच्या. पोरगी घाबरत होती. म्हणाली, "आजी, आधी तुझं उघडून बघू. चुकलं तर तुझं चुकेल." मी म्हटलं, "व्हय बाई, माझी लग्नं जमायची राहिलीत ना!"

तर आप्पा, तुमच्या लेकीचं त्या जागेत खातं निघालं. पहिल्यांदा फोटो. पदर नीट घे, हसू नको, थोडी हस, अशी तिची चारदा तक्रार झाली. मग विचारते, "तू कोण, एका ओळीत सांग." मी म्हटलं, "तुझी आजी." "ते नाही चालत, काम सांग." शिक्षणाची चौकट आली तेव्हा ती जरा थांबली, म्हणाली, "ही रिकामी ठेवता येते." म्हटलं, "ठेव की, ती पहिल्यापासून रिकामीच आहे, तिला सवय आहे." मग मी एकेक सांगत गेले. मेंढ्या राखल्या. दुष्काळी कामावर खडी फोडली. चिकलठाण्याला कारखान्यांचे पाये भरले तेव्हा घमेली वाहिली. शाळेत पोरांची खिचडी शिजवली. ती म्हणते, "कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत?" आता मला काय ठाऊक! मी म्हटलं, "शिंगमोडी मेंढी व्याली त्या सालापासून." पोट धरून हसली पोरगी. आणि खाली विचारलं होतं, अंगात कसब काय? मी म्हटलं, "कळप वाड्यात शिरताना नुसतं बघून सांगते, एक कमी आहे." तिनं तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं उघडलं आणि कसं झालंय ते मला वाचून दाखवलं. मी डोळे मिटून ऐकत होते. कारखान्यातलं काम तिनं पार ह्या उन्हाळ्यापर्यंत ओढून आणलं होतं. मी डोळे उघडले. "तू तोवर कारखान्यात होतीस, तर मग मला संडासात कोण नेत होतं? कारखान्याचा साहेब?" ती गोरीमोरी झाली. म्हणाली, "आजी, सगळे असंच करतात. मधे मोकळी जागा दिसली की हे लोक अर्ज उघडतसुद्धा नाहीत. वर्षभर घरी बसली म्हणजे हिच्यात काहीतरी खोट आहे, असं धरतात." कसब लिहून घेतलं होतं ना माझं? तर कळपातलं कमी मला दिसलं होतं, चौदा महिने कमी होते, आणि ते चौदाच्या चौदा माझे होते.

तिला पुण्यातल्या एका कंपनीत जायचं होतं. तिथं माणसं निवडणारी एक बाई आहे. पोरीनं तिला त्या जागेत ओळखीची विनंती धाडली, आठवडा झाला तरी बाईनं ढुंकून बघितलं नाय. मी म्हटलं, दाखव मला तिचं तोंड. चष्मा, बारीक केस, दमलेली वाटली. मी माझ्या फोनवरून विनंती दाबली. तासाभरात बाईनं मला हो म्हटलं! पोरगी बघतच राहिली. तिथं तोंडानं बोलूनही निरोप धाडता येतो, एका मिनिटाच्या वर मात्र घेत नाय. मी विचारलं, बाई, तिकडं पाऊसपाणी कसं आहे, तुमच्याकडं जनावरं किती? आता कुणाच्याही शिवारात गेलं की आधी हेच विचारायचं, तुम्हीच शिकवलेलं. ती बाई हसत बोलली, "आजी, जनावरं नाहीत, एक मांजर आहे, तेही शेजाऱ्यांकडे जेवतं." झाली की ओळख! मग चार दिवस आमचं बोलणं चाललं. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे, हेही तिनं मला सांगितलं.

मग पोरगी मागं लागली. "आजी, माझं नाव घाल ना तिच्या कानावर. फक्त इतकंच बोल, माझी नात हुशार आहे, तिचा अर्ज आलाय, बघा." तेवढ्यात नळ आला, आठव्या दिवशी आलेलं पाणी, ती पाइप घेऊन धावत वर टाकीकडं गेली. मी एकटीच फोन घेऊन बसले.

आणि आप्पा, मला तो बांध दिसला. बाहत्तरचं साल, मी दहा-अकरा वर्षांची. फुलंब्रीच्या पुढं सगळं शिवार भाजलेलं, आपण सिल्लोडच्या वाटेला लागलेलो, आणि एका माळ्याच्या विहिरीत पाणी आहे असं कुणी सांगितलेलं. त्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, त्याला लेंडीखत, आपल्याला पाणी. आपल्या दोन मेंढ्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय उचलून टाकत होत्या. मी त्या दोघींना बाभळीच्या मागं दाबून धरते, त्यांच्या अंगावर घोंगडं टाकते. माळी विचारतो, "पोरी, कळप ठीक हाय ना?" मी मुंडी हलवते, हाय. विहिरीच्या पाण्याचा वास येतोय मला, आप्पा, आजही येतो. आणि तुम्ही बांधावर उभे राहता, पागोटं काढून हातात घेता आणि म्हणता, "दोन आजारी हायेत, मालक. तुमच्या बैलांना लागंल. लेकरू खोटं बोललं." त्यानं हात जोडले, म्हणाला पुढं जावा. आपण पुढं गेलो. त्या चालीत किती मेंढ्या पडल्या ते तुम्ही जाणता. मी रडत, तुम्हाला शिव्या देत चालत होते. तुम्ही मारलं नाय, ओरडला नाय. एवढंच म्हणालात, "पुढच्या साली ह्याच वाटंनं यायचंय आपल्याला." मला त्या वेळी वाटलं, पुढच्या सालापर्यंत जगणार कोण आहे? पण दुसऱ्या साली त्याच माळ्यानं बाजारात तुम्हाला हाक मारून बोलावलं, आणि पुढं तुम्ही होता तोवर त्याच्या रानात दुसऱ्या कुणाचा कळप बसला नाय.

तर मी फोनचं ते बटण दाबलं आणि बोलले. बाई, माझी नात हुशार आहे, तिचा अर्ज आलाय. आणि तिनं नोकरीच्या तारखा लांबवून लिहिल्यात, त्या खऱ्या नाहीत. चौदा महिने ती घरी होती. माझं हाड मोडलं होतं. तुम्हाला नंतर कळण्यापेक्षा आत्ता सांगते. मिनिट संपलं की परत दाबायचे, असं चारदा दाबलं. मोरीतलं, संडासाचं, सगळं सांगितलं.

पोरगी ओल्या पायांनी खाली आली. "बोललीस?" "बोलले." "ऐकू दे." आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. चौथ्या मिनिटाला ती खालीच बसली. "आजी, हे काय केलंस तू? अगं, हे तिला सांगायचं असतं का?"

"खोट आधी सांगावी."

"मेंढरं विकत होतीस का तू? मी मेंढरू आहे का?"

"नाय गं, तसं नाय..."

"मग कसं? सांग ना! तुझ्यासाठी घरी बसले ते तू मला असं फेडलंस?"

आप्पा, पन्नास वर्षांनी मला त्या माळरानावरच्या शिव्या परत ऐकू आल्या, ह्या वेळी मी तुमच्या जागेवर होते. लेक संध्याकाळी आला, त्याला वाटलं म्हातारीचं बोट चुकून पडलं. मी म्हटलं, चुकून नाय, आप्पा असेच करायचे. तो म्हणाला, "आई, आप्पांना पुण्याला नोकरी नव्हती करायची." सुनेनं ताटात भाकरी टाकली आणि तोंड फिरवलं. तीन दिवस पोरगी माझ्याशी फक्त गोळ्यांपुरतं बोलली. ही घे. पाणी घे. मी खिडकीतून हर्सूलचा तो माळ बघत राहिले. माळ कसला, आपल्या मेंढ्या बसायच्या तिथं आता सहा मजली इमारती आहेत आणि त्यांनाही पाणी टँकरनं येतं. बघायला काही नव्हतं, तरी बघत होते.

आज सकाळी माझ्या फोनवर त्या बाईचा निरोप आला, ह्या वेळी लिहून. मला वाचता येईना आणि पोरीला दाखवायची हिंमत होईना. दोनदा पदराखाली धरला, दोनदा काढला. शेवटी तिच्यापुढं ठेवला. ती मोठ्यानं वाचायला लागली. बाईनं लिहिलं होतं, तारखा खऱ्या लिहून अर्ज परत पाठवा, त्या चौदा महिन्यांत काय केलं तेही लिहा, आणि सोमवारी पुण्याला भेटायला या. घेऊच असं म्हणत नाही, पण भेटू. पोरीनं मला मिठी मारली, काठी पडली खाली. म्हणाली, "तू होतीस म्हणून, आजी. मी कधीच खरं लिहिलं नसतं." लेकानं कामावरून फोन करून मला आप्पांची लेक म्हटलं. आत्ता ती वर बसून तारखा नीट करतेय. मघाशी जिन्यातून ओरडून विचारलं, "आजी, तुझ्या आजारपणाचं काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, म्हातारी जड होती."

सगळे मला शाबासकी देतायत आणि मला बसवत नाय, आप्पा. कारण तुम्ही बांधावर खोट सांगितली ती त्या वाटेनं परत जाता यावं म्हणून. मी फोनचं बटण दाबलं तेव्हा तुमचं नाव माझ्या तोंडात होतं, तुमचा बांध डोळ्यांपुढं होता, ते खोटं नाय. पण चौथ्यांदा दाबताना माझ्या पोटात दुसरंच होतं. ती बाई नको म्हणेल. पोरगी पुण्याला जाणार नाय. सकाळी माझ्या पायाला तेल लावायला तीच असेल. पहिल्या मिनिटात खरं सांगून झालं होतं, पुढची तीन मिनिटं मी कशासाठी बोलत होते ते मला ठाऊक आहे. ती नाराज होऊन गोळ्या देत होती त्या तीन दिवसांत, सांगू का, मला आत कुठंतरी निवांत वाटत होतं. आणि बाईनं बोलावलं तेव्हा पोरीच्या मिठीत मी रडले, ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

हे तुम्हाला कुठं पाठवणार? तुमचं कुठल्याच जागेत खातं नाय. फोनात राहील, आणि हा फोन रविवारी पोरगी घेईल, ती पुण्याला गेली तर तिला रोज कसा लावायचा ते मला शिकवायला. तिला वाचता येतं. पुसायचं बटण कुठलं ते मला माहीत आहे, त्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं. मघापासून त्याच्यावर बोट धरून बसलेय, अजून दाबलेलं नाय.