शिवून परत

हिंजवडी,
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी बोलते आणि तू नुसता हं हं करतोस, म्हणून हे पत्र. आपल्या माले गावचा राजू आमच्या कंपनीची कॅब चालवतो, तोच आणून देईल. उत्तरही त्याच्याच हाती पाठव. नुसतं हं हं लिहिलंस तरी चालेल, पण खाली सही कर.

वहिनीनं सगळं सांगितलं. साखर वाढलीय, आणि पौडच्या डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीपर्यंत मुदत दिलीय. रोज चालून ती खाली आणली नाहीस तर इन्शुलिनची सुई सुरू. सुईला तू किती भितोस ते मला विचार. शाळेत लस टोचायला माणसं आली की मुळशी तालुक्याचा नावाजलेला चढाईपटू गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन बसायचा!

मी पाठवलेले बूट म्हणे तू खोक्यासकट कपाटावर ठेवलेस. दादा, कबड्डीत तुझ्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आता ट्रॅक्टरला ड्रायव्हर ठेवल्यापासून तू उठतोस तो फक्त जेवायला. उद्यापासून चाल. माझ्यासाठी नको, त्या सुईसाठी चाल.

कळावे. माया आहे तशी ठेव, पोट मात्र कमी कर.

तुझी,
साधना


माले,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. साधनास,
अनेक आशीर्वाद.

बूट उत्तम आहेत. घालून मंगळवारी निघालोही होतो. पण गावात सकाळी बिनकामाचं चालतात ती माणसं दोनच प्रकारची. एक फार्महाउसवाले, दुसरे म्हैस सुटलेले. शेजारच्या धोंडाबाईनं विचारलं, कुटं निघालाय, म्हस सुटली का? म्हशी गोठ्यात हायेत म्हटल्यावर तिनं ठरवलं की माझं रत्नाशी भांडण झालंय. दुपारपर्यंत तिघंजण समजूत घालायला येऊन गेले. तिघांनाही चहा झाला, त्यांच्याबरोबर मलाही. साखरेचा.

खरं सांगू? चालणं मला जमत नाही, कारण पलीकडे कुणीच नसतं. समोर अडवणारा असला की हा गडी अजून उठेल. पण झाडं बघत जायचं आणि झाडं बघत यायचं, हे पायांना पटत नाही. पोरवयात अंगाला जी खोड लागली ती लागली.

तुझंही तसंच आहे, म्हणून सल्ला जरा दमानं दे. तू खो-खोत पाटीवर उकिडवी बसायचीस आणि पाठीत खो पडला की सुसाट. आता कंपनीनं ज्या दिशेला तोंड करून बसवलंय, तिकडं तोंड करून वीस वर्षं बसली आहेस. गौतमी सांगत होती, आईच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं, मग आई उठते, पाणी पिते आणि परत बसते. भाचीनं आईची अशी चहाडी करावी, मला फार आनंद झाला.

लोभ भरपूर आहे. सल्ले कमी केलेस तरी तो आटणार नाही.

तुझा,
नरहरी दादा


हिंजवडी,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला, कारण खरं लिहिलंस. जिममधल्या त्या पट्ट्यावर मी धावते आणि अर्ध्या तासानं जिथली तिथंच असते. आमच्या हिंजवडीच्या रस्त्यासारखंच. महिना झाला, जातच नाही. पण माझं राहू दे, मुदत तुला दिलीय.

अडवणारा नाही म्हणतोस ना? मग रेघ तरी धर. आपण विकलेल्या माळावर आता बंगल्यांचं मोठं गेट झालंय. घरापासून तिथवर जा, गेटला पाय लाव, परत ये. दम धरून, तोंडानं कबड्डी म्हणत. फिरायला जातोय असं म्हणूच नकोस. चढाईला जातोय म्हण.

वहिनीला नमस्कार. तिच्यावर चढाई करू नकोस, बाद होशील.

तुझी,
साधना


माले,
२२ डिसेंबर २०२४

चि. साधनास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सल्ल्यानं तुझा भाऊ चोर ठरला, अभिनंदन.

पंधरवडाभर झकास चाललं होतं. बांधावरून धावत जायचं, गेटला पाय लावायचा आणि मागं वळून न बघता पळत यायचं. आपल्याच बापाच्या माळावर असं शिवून पळताना, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. मग एका सोमवारी गेटला पाय लावून वळलो आणि मागून कुणीतरी घोटा धरला. मी सपशेल मातीत. सुटायला अंग फिरवलं, पण ती पकड सुटेना. आणि साधे, पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं, की या पकडीत मी आधी एकदा सापडलोय.

पौडचा सिराज. तालुक्याच्या अंतिम सामन्यात डाव्या कोपऱ्यावर खेळत होता, त्यानंच शेवटच्या चढाईत मला लोळवलं होतं. एसटीतून निवृत्त होऊन आता इथं वॉचमन आहे. तोही रात्रभर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून माझ्याएवढाच फुगलाय. म्हणाला, चोराची मानगूट धरायची असती, पर हात आपसूक घोट्याकडं गेलं बघा. मग म्हणाला, नरहरभाऊ, तुमी अजून डावा पाय मागं ठेवता व्हय, लई वाईट खोड हाय ती.

मग रोजच ठरलं. मी शिवायला जायचं, त्यानं अडवायचं. पण कॅमेऱ्यात मॅनेजरनं पाहिलं, आणि वॉचमन पाहुण्यांशी कुस्ती खेळतो म्हणून त्याला शेवटची ताकीद दिली. माझ्या साखरेपायी त्याची नोकरी जायची हे काही खरं नाही. मी गेटकडं जायचं बंद केलं. आठ दिवस पुन्हा खुर्ची. डॉक्टरीणबाईंनी परवा वजन केलं आणि फेब्रुवारीची तारीख पुन्हा वाचून दाखवली. तेच भीतीदायक होतं.

शेवटी आज मीच आपलं खळं सारवून घेतलं आणि राखेनं मधली रेघ आखली. सिराजची पाळी सकाळी संपते, तो उद्यापासून घरी जाताना इथं थांबेल. त्याची बायको दिलशाद म्हणाली म्हणे, की खुर्चीतून उठवणारा कुणी भेटला हे तिचं नशीब.

त्या रेघेवर रत्ना लंगडी घालते आहे, हसून हसून. आशीर्वाद.

नरहरी दादा


माले,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. साधनास,
अनेक आशीर्वाद.

सुई नाही! काल रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रोज किती चालता? मी म्हटलं, अजिबात चालत नाही. त्या गोंधळल्या, पण आकडे खाली होते, त्यामुळं रागावता येईना. गोळ्या चालूच आहेत. सिराज रोज मला लोळवतो आणि वर बजावतो, की जत्रेआधी मरायचं न्हाई, मी मग कुणाला धरू?

आता खळ्यावर गर्दी असते. बायकांनी ठरवलंय, की चैत्रातल्या जत्रेत यंदा त्यांचा खो-खो होणार. तुझी वहिनी कप्तान आहे, आणि लंगडी घालता घालता ती आता पळायलाही लागली आहे. धोंडाबाई पंच, कारण तिच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत नाही. पाटीवर सात जणी बसतात. एक चौकोन मोकळा ठेवतात, आणि बसायला कुणी आलं की म्हणतात, ती साधनाची जागा हाय.

सराव रविवारी. खो पाठीमागून येऊन द्यायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण हिंजवडीचं ट्रॅफिक आडवं येतं. म्हणून कागदावर देतो.

खो.

नरहरी दादा


राजूच्या कॅबमधून,
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार सकाळ

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र राजूच्या हाती देत नाही, सोबतच घेऊन येतेय. गाडी तासभर जागची हललेली नाही, म्हणून अक्षर इतकं सुबक आलंय. गौतमी शेजारी बसून विचारतेय, की एवढी गर्दी आहे तर आपण परत का जात नाही. तिला सांगितलं, एकदा दिशा धरली की खो-खोत मागं फिरता येत नाही.

बूट घातलेत. माझी जागा कुणाला देऊ नका.

उठले आहे.

साधना