घोडीवर कोण बसलं होतं

कलबुर्गी, ४ जानेवारी २०२४

ती. शोभाआत्यास, धम्मानंदचा सविनय जय भीम वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. वीस वर्षं मी काळविटं, लांडगे आणि अमेरिकेतले टोपीवाले घोडेस्वार रंगवले. आता ब्रश बाजूला ठेवून कादंबरी लिहिली आहे, आजोबांवर, म्हणजे तुझ्या अप्पांवर, १९५६ सालची. त्यातलं मुख्य प्रकरण सोबत धाडतोय. नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आलेले आजोबा भीमराज मालकांच्या घोडीवर स्वार होऊन भर गावातून जातात. महिनाअखेर पुस्तक छापायला जाईल. प्रेरणा म्हणते, नवऱ्याचं अक्षर आत्याच वाचू जाणे. वाचून चार बरे शब्द लिही.

तुझ्या मायेतला,
धम्मानंद

भालकी, ११ जानेवारी

चि. धम्मानंद व प्रेरणा यांस जय भीम व अनेक आशीर्वाद.

प्रकरण दोनदा वाचलं. भाषा चांगली आहे. शाळेत शिकवताना मला तुझ्या वहीवर याहून जास्त लाल शाई लागायची. पण अप्पा घोडीवर कधी बसले? ते मोतद्दार होते. चारा घालायचा, खरारा करायचा आणि मालक बसले की लगाम धरून पुढं चालायचं. बारा वर्षं ते चाललेच. तू आपल्या चित्रातला टोपीवाला उतरवलास आणि त्याच्या जागी माझ्या बापाला बसवलंस.

काळविटाच्या एका चित्रासाठी तू तीन दिवस माळावर पालथा पडून होतास. स्वतःच्या आजोबांबद्दल विचारायला मात्र एकदाही आला नाहीस, याचा मला राग आला आहे. हे असंच छापणार असशील तर त्यात अप्पांचं नाव नको.

प्रकृतीस जपा.
शोभाआत्या

कलबुर्गी, १७ जानेवारी

ती. आत्यास सविनय जय भीम.

राग रास्त आहे, चूक कबूल. पण जन्मभर मी परकी माणसं घोड्यावर बसवली. एकदा आपला माणूस बसवावा असं वाटलं. आजोबा लगाम धरून मालकापुढं चालतायत असं लिहायला घेतलं की हात अडतो. खरं सांगतो, लाज वाटते. त्यांचं नाव काढलं तर पुस्तकात उरणार काय? बाबा आता नाहीत, विचारायला तूच आहेस. तेव्हा काय घडलं ते तरी सांग.

रागातही लोभ ठेव.
धम्मानंद

भालकी, २३ जानेवारी

चि. धम्मानंदास आशीर्वाद.

त्यांना लाज वाटली नाही, तू कशाला वाटून घेतोस? आता सांगते. तुझे बाबा तेव्हा पाळण्यात होते. त्यांनाही मी हे कधी सांगितलं नाही.

नागपूरहून आल्यावर चौथ्या दिवशी अप्पा घोडीला पाण्यावर नेत होते. मी सात वर्षांची, पाटी घेऊन शाळेला निघालेली. वाटेत ते थांबले आणि घोडीवर चढून बसले. घोडी हलेना. टाच मारली, चुचकारलं, तरी जागची हलेना. तिला पुढं चालणारे अप्पा माहीत, वर बसलेले नाहीत. ते उतरले आणि हसून म्हणाले, "शोभे, ही मला पुढंच चल म्हणायलीय. तू बस." मला उचलून बसवलं, लगाम धरला आणि चालू लागले. मालकांच्या दारावरून, पारावरून, थेट शाळेपर्यंत. मी एका हातानं पाटी आणि एका हातानं आयाळ धरली होती.

संध्याकाळी त्यांचं काम गेलं आणि महिन्याभरात आम्ही भालकीला आलो. माझ्यामुळं गेलं असं मला आजवर वाटत आलं, म्हणून तोंड उघडलं नाही. असं कामून केलं म्हणून आई रडत होती, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "पोरगी शाळंला निघाली होती."

स्वार हवाच असेल तर मला घाल. अप्पांना चालू दे.

शोभाआत्या

कलबुर्गी, ३० जानेवारी

ती. आत्यास सविनय जय भीम.

पत्र वाचून आम्ही दोघं रडलो. छपाई थांबवली आहे, प्रकरण नव्यानं लिहितोय. आजोबांचं नाव राहील. तुझंही येईल. मुखपृष्ठ मीच रंगवणार आहे. पुढं आजोबा, मागं घोडी, वर तू. रविवारी भालकीला येतो. तोवर आठवून ठेव, घोडीचा रंग कोणता होता आणि तुझ्या परकराचा कोणता.

तुझा,
धम्मानंद