पेशी चालते म्हणजे काय

तीर्थरूप दादा,

गुडघ्यांमुळे साष्टांग जमत नाही, उभ्यानेच नमस्कार.

काल फोनवर म्हणालो, "शीतलच्या प्रयोगशाळेत पेशी चालताना पाहिली," तर तुम्ही म्हणालात, "कोणाची? आपली बांधाची पेशी तर सोमवारी हाय, अंबडला." म्हणून लिहून सांगतो. आमची लेक शीतल म्हणते ती पेशी कोर्टाची नव्हे, शरीरातली.

या पेशीच्या अंगावर ग्राही असतात. ग्रह् धातू, म्हणजे धरणारे. संस्कृत अखेर पुण्यात कामाला आलं. ग्राहींनी बाहेरचा निरोप धरला की कर्करोगाची पेशी पाय फुटल्यासारखी सरकते आणि दुसरीकडं बिऱ्हाड थाटते. हा निरोप कसा अडवायचा, हेच शीतल शोधते. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो, चहा गार झाला.

वहिनींचे रिपोर्ट इथल्या डॉक्टरांना दाखवले. गाठ जागची हललेली नाही म्हणाले, "आजपर्यंत तरी." हे "तरी" अव्यय मला आवडलं नाही. सोमवारीच उपचार सुरू करायचे म्हणतात.

वहिनी बराबर जेवतात ना?

वकिलांना पुढची तारीख मागायला सांगा. तोवर शेजाऱ्यानं बांध सरकवला तर वीतभर सरकवील. तुम्ही वहिनींना घेऊन या.

तुमचा धाकटा,
कल्याण