पाटावर बसण्यापुरतं गरम पाणी

केदारखेडा, माघ महिना, १९७६

राजश्री अण्णासाहेब मेहुणे यांस सर्जेराव दाजीचा रामराम. इकडं गुडघे सोडून आम्ही सगळे खुशाल. तिकडं तुमची, वहिनींची आणि विशेष करून तुमच्या विहिरीवरच्या इंजिनाची तब्येत कशी आहे, ते जरूर कळवावं. (इंजिनाचं का इचारलं ते पुढं येईल. आधी वाचा.)

तर गुडघे. वैशाखात प्रभावतीचं लगीन, अन् तिच्या बापाला पाटावर मांडी घालता येईना! आमचे चुलतभाऊ अप्पाराव लगेच म्हणले, कन्यादानाला मी बसतो. वा रे वा! पोरगी माझी, अन् पाटावर हा? अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी जालन्याचा डॉक्टर गाठला. तो म्हणला, रोज कमरेइतक्या गरम पाण्यात बसा, अन् पाणी हलतं पाहिजे. कशात बसायचं ते काही बोलला न्हाई. त्याच्या घरी टब असंल. आपल्या घंगाळात माझा एक पाय मावतो.

मंग सडकेच्या कामावरचा डांबराचा ड्रम अर्धा कापून आणला. गरम पाणी पडताच तळाचं डांबर पाघळलं, अन् मी त्यात! कौसल्येनं मला रॉकेलनं पुसून काढलं. पुसताना ती जे बोलली, ते तिचे भाऊ म्हणून तुम्ही लहानपणापासून ऐकलेलंच असंल. त्यानंतर ढोरांचा दगडी हौद करून पाह्यला. त्यात दगडच तापला, पाणी गार. म्हैस मात्र दिवसभर माझ्याकडं रागानं बघत होती.

शेवटी पुंजारामच्या गुऱ्हाळाची कढई मिळाली. हंगाम उरकल्ता, कढई रिकामीच. पण गुळाची कढई म्हणजे चुलवणावरच ठेवायची, ही आपल्या लोकांची सवय. पुंजारामनं तिथंच ठेवली, पाणी भरलं, अन् कोमट राहावं म्हणून खाली जरासं पाचट पेटवलं. मी आत, लंगोटावर. अहाहा! असं सुख जन्मात पाह्यलं न्हाई. पण गुऱ्हाळावरून कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं न्हाई, हा गावचा रिवाज. धूर दिसला अन् अर्धं गाव वाट्या-तांबे घेऊन गरम गुळाला हजर! द्वारकाबाई आजीनं वाटी पुढं करून आत डोकावलं. (म्हातारीनं वाटी मागं घेतली न्हाई. म्हणली, पाक अजून पातळ दिसून राह्यला.) लोकांना हाकलायच्या नादात पुंजाराम खालचा जाळ विसरला. बूड चटकलं, तसा मी कुणाचा हात न धरता एका उडीत बाहेर! लोक पोट धरून हसले, मला मात्र आनंदानं रडू आलं. गुडघे मेलेले न्हाईत, अण्णासाहेब. ते वाकतात!

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
सर्जेराव

ता. क. इंजिन थंड करून जे कोमट पाणी नळीतून तुमच्या हौदात धो धो पडतं, त्यात लग्नापर्यंत रोज घटकाभर बसू द्यावं. गरम बी, हलतं बी, अन् खाली जाळ बिलकुल न्हाई. डिझेलचा खर्चा माझा.

आणखी एक. प्रभावती म्हणती, "आबा, खुर्चीवर बसा, काय बिघडतं?" अशी लेक असल्यावर बापानं पाटावरच बसायला पाहिजे.

हे शेवटचं पेन्सिलीनं गाडीत लिहून राह्यलो. उत्तर पोस्टानं पाठवू नका. पत्र देणारा आमचा गाडीवान आहे, अन् मी तुमच्या दारात, गाडीत कडब्यावर आडवा. धक्क्यांनी गुडघे पुन्हा आखडले. उतरवायला दोन माणसं जल्दी पाठवा, अन् एकाला इंजिन चालू करायला सांगा.