पश्चिमेकडच्या भिंतीची व्यवस्था

मी, मधुकर नत्थूजी लांजेवार, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. घरच्यांचा अभिप्राय मुद्दाम घेतलेला नाही.

१. घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचे. त्यात पत्नी प्रेमिला हिने हयातभर राहावे. तिच्यानंतर ते मुलगा सुशील याचे. बँकेतली शिल्लक प्रेमिलाची. ती तिच्याच काटकसरीने उरली. मी फक्त बँकेत हेलपाटे घातले.

२. पश्चिमेकडची भिंत मात्र सून मिनल हिच्या ताब्यात राहील. भिंत अशी वेगळी देता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. मी म्हटले, तरी मी लिहिणार. ही भिंत शाळेच्या फाटकासमोर आहे आणि तिच्यापायी मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे.

सुशील बुटीबोरीला कारखान्यात जातो आणि दिवसभर खर्रा, म्हणजे तंबाखू घालून घोटलेली सुपारी, खातो. तोंडाने सांगून थकलो, तेव्हा त्या भिंतीवर हातभर अक्षरांत 'खर्रा खाऊ नका' असे मी स्वतः रंगवले. ते थंडीत. एप्रिलमध्ये खिडकीला कुलर बसवला, तो नेमका 'नका'वर. अख्खा उन्हाळा माझी भिंत शाळेच्या पोरांना 'खर्रा खाऊ' म्हणत होती आणि मी आत गार हवा खात बसलो होतो. नात खुशी तेव्हा नुकती वाचायला लागली होती. आल्यागेल्याला ती भिंत मोठ्याने वाचून दाखवी. 'र्रा' बिनचूक म्हटला म्हणून मी तिला शाबासकी दिली. वाक्य कुठे संपले, हे मात्र व्याकरणाच्या मास्तरच्या लक्षात आले नाही. शेवटी पानवाल्या ताराचंदने भिंतीखालीच खर्ऱ्याचा ठेला टाकला. जाब विचारला तर म्हणाला, "गुरुजी, तुमीच तं बलावलं न जी."

३. पुढे एका विलायची कंपनीचा माणूस आला. भिंत फुकट रंगवतो, वर भाडे देतो म्हणाला. तंबाखूच्या जाहिरातीला बंदी, म्हणून पुडीवर त्यांच्या तंबाखूचेच नाव, तोच रंग, आत फक्त विलायची. सुशीलला ते पटले. "विलायचीच तं हाय जी बाबा. तिनं कोनाचं काय होऊन राह्यलं?" हे बोलताना त्याचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. मला रडू आले, ते मी खोकला म्हणून खपवले.

शाळांसमोर अशा जाहिराती नकोत, असा कायदा व्हावा म्हणून मी अर्ज करत आलो. तो होईल तेव्हा होईल. तोवर माझ्या हद्दीत माझा कायदा: त्या भिंतीवर विलायची, सोडा, सरबत, कशाचीही जाहिरात नको. माझ्या उपदेशाचीही नको. भिंत नुसती पांढरी ठेवावी. हे मिनलला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, मी कोनाले हात लावू देत नाही." म्हणून भिंत तिची.

४. रंगाचे डबे व ब्रश शाळेला द्यावेत. शिडी शेजारच्या रुपरावांची आहे. ते खाली साक्षीदार असल्याने कबूल करणे भाग आहे. ताराचंदशी असलेले वैर मी सोबत नेतो. ठेला फाटकापासून हलवला, तर माफ.

५. चौकात माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. खालच्या कोपऱ्यात कोणाची तरी विलायची यायची, आणि वर मी हसत असेन.

६. माझ्या तेरवीचा स्वयंपाक बिनतिखटाचा करावा. पाहुणे नावे ठेवतील, ठेवू द्यावीत. वांग्याच्या भाजीत मिरची घालू नये. खर्ऱ्याने सुशीलचे तोंड आतून सोलले आहे, त्याला तिखटाचा घास सोसत नाही. हे तो कोणाला सांगणार नाही, आणि बापाच्या पानावरून उपाशी उठेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

सही: मधुकर नत्थूजी लांजेवार

साक्षीदार:
१. रुपराव गोमाजी बावणे, शेजारी, नंदनवन
२. डॉ. प्रशिक मेश्राम, प्रताप नगर

ठिकाण: नागपूर
दिनांक: ९ मार्च २०२५